बर्शायचा स्वस्तातला शोस्ताकोविच

रुडॉल्फ बर्शाय या कंडक्टरने (वाद्यवृंद चालवणारा) जर्मनीतल्या कोलोनच्या डब्ल्यूडीआर रेडिओ ऑर्केस्ट्राला घेऊन १९९२ ते २००० मध्ये सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचच्या सगळ्या १५ सिंफनी (वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचना) रेकॉर्ड केल्या, आणि ब्रिलियंट क्लासिक्स या कंपनीने ११ सीडींचा तो बॉक्स अगदी कमी किमतीत काढला. पुण्यात हे संगीत ऐकणारे तसे मोजकेच, त्यात स्वस्त म्हटलं की दुय्यम असं बरेच जण न ऐकताच ठरवून टाकतात, आणि मला ते अजिबात पटत नाही.

कुठलाही सेट जोखायचा तर मी आधी दहावी सिंफनी लावतो. ही १९५३ची, स्टॅलिन मार्चमध्ये गेला आणि डिसेंबरमध्ये म्राविन्स्की या कंडक्टरने ती लेनिनग्राडला पहिल्यांदा सादर केली. पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, वीसेक मिनिटांच्या वर जाते, चेलो आणि डबल बास खालून इतक्या हळू सुरू करतात की कर्वे रोडला घर असेल तर दिवसा ते ऐकूच येत नाही, रात्री उशिरा हेडफोन लावूनच बसावं लागतं. इथे घाई केली की सगळं गेलं, विलंबित ख्यालात गवयाने पहिल्याच आवर्तनात ताना मारल्या तर जसं होईल तसं. बर्शाय थांबतो. क्लॅरिनेट एकटं येतं, मग हळूहळू वजन चढत जातं, आणि मधला स्फोट येतो तेव्हा तो कमावलेला वाटतो.

बर्शाय मुळात व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं) वाजवणारा, बोरोदिन क्वार्टेट या चार तंतुवाद्यांच्या गटाच्या संस्थापकांपैकी एक, आणि ते कळतं हो! मधले सूर, सेकंड व्हायोलिन, व्हायोला, जे एरवी ब्रासखाली (पितळी वाद्यांखाली) दबून जातात ते इथे स्वच्छ ऐकू येतात. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये हॉर्न तीच पाच सुरांची हाक पुन्हा पुन्हा देतो, एकूण १२ वेळा, आणि शोस्ताकोविचने आपल्या नावातनं काढलेले चार सूरही (डी, ई फ्लॅट, सी, बी) तिथेच भेटतात, तेव्हा तर मी हातातलं सगळं ठेवून देतो.

दुसरी मूव्हमेंट मात्र, ती चारेक मिनिटांची चवताळलेली, मला इथे थोडी सभ्य वाटते. तिच्यासाठी कारायान या कंडक्टरचं १९८१चं रेकॉर्डिंग ऐका, तिथे अंगावर येते. पाचवीच्या शेवटाबद्दल वाद घालणाऱ्यांनी, तो विजय खरा की बळजबरीचा, ते वेगवेगळी रेकॉर्डिंग ऐकून आपापलं ठरवावं, मला त्यात फार रस नाही.

पण बॉक्स घ्यायचाच तर चौदावीसाठी घ्या. सोप्रानो आणि बास असे दोन गायक, तंतुवाद्यं आणि पर्कशन एवढंच, सगळ्या कविता मृत्यूवरच्या, आणि १९६९ मध्ये तिचा पहिला प्रयोग याच बर्शायने केला होता. ज्याने ती जन्मताना हातात घेतली त्याच्याचकडून इतक्या वर्षांनी पुन्हा ऐकायला मिळते, आणि या पैशात! कविता कुठूनतरी शोधून समोर ठेवा, नाहीतर निम्मी चौदावी कळणार नाही.