नकाशावरची मुकी चौकट

शहरातील नागरिकांच्या तक्रारी नोंदवून घेणाऱ्या मोबाइल ॲपची चाचणी घेणे हे माझे काम. त्या दिवशी सकाळच्या बैठकीत तक्त्यात एक शून्य दिसत होते: ‘दिव्यांग’ या चौकटीवर खूण केलेल्या एकाही व्यक्तीने सहा महिन्यांत पदपथांबद्दल तक्रार केलेली नव्हती. “म्हणजे पदपथ बरे आहेत,” असे कोणीतरी म्हणाले आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळली. मीही गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी चाचणीसाठी एक अंध बाई आल्या. फोनवरचा टॉकबॅक हा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय, त्या इतक्या वेगाने ऐकत होत्या की मला त्यातला शब्दही लागेना. पहिल्याच पानावर फोन म्हणाला, “बटन. बटन. बटन.” चित्रे आम्ही हौसेने काढली होती, पण पडदावाचकासाठी त्यांना नावे द्यायचे राहून गेले होते. चित्राला मजकुराचा पर्याय द्यावा, हे तर सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येण्याच्या, जागतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. त्यांनी अंदाजाने तिसरे बटन दाबले आणि नशिबाने ते बरोबर निघाले.

मग नकाशा आला. ‘खूण ओढून योग्य ठिकाणी ठेवा’ ही सूचना त्यांना ऐकू आली, पण पुढे सगळे मुके. पाच-सहा मिनिटे बाई त्या चौकटीवर बोट फिरवत राहिल्या आणि मी हात मागे बांधून बसलो, कारण चाचणीत मदत करायची नसते. याच तत्त्वांच्या ऑक्टोबर २०२३ मधील २.२ या आवृत्तीनुसार ओढण्याच्या क्रियेला साध्या स्पर्शाचा पर्याय द्यावा लागतो. पण तेवढा नियम पाळला असता, तरी न दिसणाऱ्या नकाशावर स्पर्श करायचा कुठे? त्यापुढे छायाचित्र होते, तेही सक्तीचे. त्या हसल्या. “साहेब, त्या खांबाचा फोटो मला काढता येणार नाही, पण तो कुठे आहे हे माझ्या कपाळाला चांगले ठाऊक आहे. थांब्यापासून एकोणीस पावले, डाव्या अंगाला.”

सकाळच्या त्या शून्याचा अर्थ मला तेव्हा लागला.

फोनकडूनच चालू ठिकाण घेणे, खाणाखुणा बोलून नोंदवणे आणि छायाचित्र ऐच्छिक ठेवणे, एवढे बदल करायला आम्हाला तीन आठवडे लागले. त्यानंतरची त्यांची पहिली तक्रार अर्थातच त्या खांबाची होती. दुसऱ्याच दिवशी ती ‘अपूर्ण’ असा शेरा घेऊन परत आली, कारण संबंधित विभागाच्या संगणकावर छायाचित्राचा रकाना अजून सक्तीचाच होता. तो बदलून मिळेपर्यंत त्यांची बोललेली नोंद मी स्वतः टंकून पाठवली आणि छायाचित्राच्या जागी आमच्या कार्यालयाच्या कोऱ्या भिंतीचा फोटो जोडला.