गेथशेमानेत येशूच्या इच्छा किती होत्या?

तुम्ही विचारलंत म्हणून. येशू देवच होता, तर अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत 'हा प्याला (म्हणजे येणारं मरण) दूर कर, पण माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे' असं तो कुणाला म्हणाला? स्वतःलाच?

पित्याला म्हणाला. खरी अडचण पुढे आहे: 'माझी इच्छा' म्हणजे कुठली? ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मसभेने ख्रिस्तात 'व्यक्ती एक, स्वभाव दोन', म्हणजे एक दैवी आणि एक मानवी, असं ठरवलं, इच्छांबद्दल मात्र निवाडा दिला नाही. 'दोन स्वभाव' न पटल्याने इजिप्त-सिरियातले बरेच ख्रिस्ती दुरावले. पर्शियाशी युद्ध संपल्यावर पूर्व रोमन (बायझंटाईन) सम्राट हेराक्लियसला त्यांची समजूत घालायची होती, म्हणून ६३८ साली फर्मान निघालं की ख्रिस्ताची इच्छा एकच.

मॅक्झिमस नावाच्या संन्याशाने ते मानलं नाही. त्याचा मुद्दा असा, की इच्छा व्यक्तीची धरली तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या तीन वेगळ्या इच्छा मानाव्या लागतील; पण देव एकच, त्याची इच्छाही एकच. तेव्हा ती स्वभावाची. स्वभाव दोन, तर इच्छाही दोनच. दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो: आदाम चुकला तो इच्छेतच. ख्रिस्ताने मानवी इच्छा घेतलीच नसेल, तर नेमकं जे बिघडलं तेच तारणाबाहेर राहतं.

वाचणारे घसरतात ते वाटणी करताना: 'दूर कर' हे माणसाचं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे' हे देवाचं. मॅक्झिमस म्हणतो, दोन्ही माणसाचंच. मरणापासून मागे सरणं देहाला स्वाभाविक आहे, त्यात पाप नाही. आणि होकार दिला तोही त्याच मानवी इच्छेने. 'तुझी इच्छा' पित्याची, आणि देव म्हणून पुत्राचीही तीच. दोन इच्छा म्हणजे द्विधा मन, ही आणखी एक गफलत. आपण घुटमळतो, कारण भलं कशात आहे ते आपल्याला नीट दिसत नाही. ख्रिस्ताचं तसं नव्हतं.

६४८ साली सम्राट दुसऱ्या कॉन्स्टन्सने या वादाला बंदीच घातली. एक म्हणायचं नाही, दोनही नाही. पुढच्याच वर्षी पोप मार्टिनने रोममध्ये सभा भरवून 'दोन' म्हटलं. त्याला पकडून क्रिमियात हद्दपार केलं, तिथेच तो ६५५ मध्ये वारला. ६६२ मध्ये ऐंशी ओलांडलेल्या मॅक्झिमसची जीभ आणि उजवा हात कापून त्याला कॉकेशसकडे धाडलं. त्याच वर्षी तोही गेला.

६८०-८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने अखेर दोन इच्छा मान्य केल्या: परस्परविरोधी नव्हेत, मानवी इच्छा दैवी इच्छेला अनुसरणारी. तिथे पॉलिक्रोनियस नावाच्या संन्याशाने पैज लावल्यासारखं सांगितलं, की 'एकच इच्छा' लिहिलेलं माझं पत्रक मृतदेहावर ठेवतो, मेलेला उठेल. प्रेत आणवलं गेलं. तो बराच वेळ त्याच्या कानाशी पुटपुटत राहिला. प्रेत काही हललं नाही, तरी गडी मत सोडायला तयार नव्हता! सभेने त्याला शापित ठरवलं. त्याच सभेच्या शापितांच्या यादीत एका पोपचंही नाव आहे: होनोरियस. मरून चाळीसेक वर्षं झाली होती. पण 'एक इच्छा' असं त्याने पत्रात लिहून ठेवलं होतं.