६१६ नंबरचं कपाट

अमेरिकेतल्या सार्वजनिक वाचनालयात ऑटिझमवरची पुस्तकं शोधायची तर ६१६.८५८८२ हा आकडा बघावा लागतो. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीत ६१० म्हणजे वैद्यक, ६१६ म्हणजे आजार. आमच्या लायब्ररीत आयांनी लिहिलेल्या आठवणीसुद्धा याच कपाटात, उपचारांच्या जाडजूड पुस्तकांना खेटून उभ्या असतात. मुलाचं निदान झालं त्या हिवाळ्यात मी तिथेच जमिनीवर बसून वाचायचे. पुस्तक घरी आणलं की विषयही घरी येईल, असं काहीतरी डोक्यात होतं.

तो तेव्हा तीन वर्षांचा होता. बोलायचा, पण माझीच वाक्यं मला परत करायचा. तहान लागली की, "तुला पाणी हवंय का?" दमला की, "दमलास का रे?" याला इकोलेलिया म्हणतात. 'मी'च्या जागी 'तू' येतो, हे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांवर लिहिलेल्या निबंधातही नोंदवलंय. फक्त कॅनरना मराठी येत नव्हतं, त्यामुळे एक गंमत त्यांच्या हातून निसटली. दिवसभर माझ्याच सहवासात असल्यामुळे हा दारात उभा राहून जाहीर करायचा, "मी आले!" मी सांगायचे, "मी आलो, म्हण." की लगेच उत्तर, "मी आलो म्हण."

मग एका तज्ज्ञबाईंनी सल्ला दिला की मूल गोंधळतंय, घरात एकच भाषा ठेवा, इंग्रजी ठेवा. आम्ही ऐकलं. आठ महिने मी माझ्या मुलाशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतात तशा भाषेत बोलले. लाडाने काय म्हणायचं, रागावताना काय, झोपवताना काय, हे मला इंग्रजीत येतच नव्हतं, त्यामुळे मी बोलायचेच कमी. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही, हे नंतर कळलं. त्या आठ महिन्यांचा राग अजून गेलेला नाही.

(शाळेबद्दल फोनवर सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात: इथे १९७५ च्या कायद्यापासून अशा मुलांचं शिक्षण ही सरकारी शाळांची जबाबदारी आहे. दरवर्षी प्रत्येक मुलाची लेखी योजना ठरते, तिला आयईपी म्हणतात, आणि त्या बैठकीत आईवडिलांना कायद्यानेच खुर्ची असते. खुर्ची मिळते. तिथे बसून काय बोलायचं, हे शिकायला मला तीन वर्षं लागली.)

त्या कपाटातलं पहिलं पुस्तक मी नावाकडे बघून उचललं. 'द सीज', म्हणजे वेढा. क्लारा क्लेबोर्न पार्क यांचं, १९६७ सालचं. मुलगी स्वतःच्या तटबंदीत बसलेली आणि आई बाहेर तळ ठोकून. त्याच वर्षी शिकागोच्या ब्रूनो बेटेलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं, म्हणजे रिकामा किल्ला. एकाच वर्षी दोन पुस्तकं आणि दोन्हीकडे किल्ला! पण बेटेलहाइम यांच्या मते मूल किल्ल्यात शिरतं ते आईवडिलांमुळे. 'रेफ्रिजरेटर मदर', थंडगार आई, हा शब्द तेव्हा बिनदिक्कत वापरला जायचा. आईवडिलांच्या कोरडेपणाबद्दल कॅनर यांनीही लिहिलं होतं, पण १९६९ मध्ये पालकांच्या सभेत त्यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. म्हणजे पार्कबाई लिहीत होत्या तेव्हा त्या आरोपीच्या पिंजऱ्यातूनच लिहीत होत्या. तरी पुस्तकात रडगाणं नाही. मुलगी काय करते, कसं करते, कितीदा करते, हे एखाद्या निसर्ग-निरीक्षकाच्या चिकाटीने टिपलंय.

मला ते पुस्तक पाठ व्हायला आलं होतं. पुढे टेम्पल ग्रँडिन वाचली आणि ध्यानात आलं की मी इतके दिवस फक्त तटाबाहेरून ऐकत होते. ग्रँडिन स्वतः ऑटिस्टिक. तिचं पहिलं पुस्तक १९८६ सालचं. लहानपणी लोकांचं बोलणं कळायचं पण तोंडातून शब्द निघायचे नाहीत, मग ओरडणं एवढंच हातात उरायचं, असं ती लिहिते. मावशीच्या अ‍ॅरिझोनातल्या रँचवर गुरांना टोचायच्या वेळी दोन फळ्यांमध्ये धरतात आणि ती शांत होतात, हे तिने पाहिलं आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. आमचा मुलगा सोफ्याच्या उशा अंगावर ओढून घ्यायचा आणि मी रोज त्याला बाहेर काढायचे. ते वाचल्यावर काढणं बंद केलं. शेजारी बसायला लागले, एवढंच.

तिच्या आईनेही, युस्टेशिया कटलर यांनी, २००४ मध्ये पुस्तक लिहिलं. मुलीला संस्थेत ठेवावं असं वडिलांचं म्हणणं, आईने ठेवलं नाही. एकच घर, दोन पुस्तकं. मायलेकींची ही दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचावीत असं माझं मत आहे, आणि लेकीचं आधी.

सगळीच पुस्तकं मला झेपली नाहीत. शेवटच्या प्रकरणात मूल 'बरं' होतं, अशी पुस्तकं मी आता उघडत नाही. ती वाईट लिहिलेली असतात असं नाही, पण वाचून झाल्यावर मी मुलाकडे उशीर झालेल्या गाडीकडे बघावं तशी बघायचे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक लेखकाच्या १९९३ च्या निबंधाने याच्या उलट केलं. आधी मला भयंकर राग आला. त्याचं म्हणणं असं की पालकांचं दुःख हे मनात योजलेल्या मुलाचं असतं, ते जरूर करावं, पण समोरच्या मुलावर त्याची सावली पाडू नये. मी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि कागद मागच्या सीटवर फेकला. घरी येऊन पुन्हा शोधला.

आपल्याकडे 'स्वमग्न' म्हणतात. शब्द सुंदर आहे आणि त्यातच घोळ आहे. कुणी कवी खिडकीत बसलाय असं वाटतं. माझ्या मुलाला ट्यूबलाइटची घूं घूं, शेजारच्या वर्गातली खुर्ची, माझ्या आवाजातला बदल, सगळं एकदम ऐकू येतं. मग्न कसला, त्याला सुटकाच नसते.

आता तो चौदा वर्षांचा आहे. पार्कबाईंनी १९६७ मध्ये लेकीला 'एली' म्हटलं होतं. २००१ च्या पुस्तकात ती खऱ्या नावाने, जेसी म्हणून येते, तोवर ती चाळिशीत पोचलेली चित्रकार होती. मीही इथे नाव लिहीत नाही. पण हा लेख त्याला वाचून दाखवला. "मी आले" चालेल म्हणाला. उशा चालतील. शाळेतल्या एका दिवसाबद्दल मोठा परिच्छेद होता, तो ऐकताना त्याने हात वर केला. "ते माझं आहे." तो परिच्छेद काढला.

लायब्ररीतल्या त्या कपाटाशी तो हल्ली माझ्याआधी पोचतो. पुस्तकांत त्याला रस नाही, पाठीवरच्या चिठ्ठ्यांत आहे. मुलांच्या आजारांना ६१८.९२ असताना लहान मुलांवरची पुस्तकं ६१६ मध्ये का, हे त्याने काउंटरवर जाऊन विचारलंय. मी इथे सुरुवातीला नुसतं '६१६' लिहिलं होतं. त्याने थांबवलं.

"पुढचे पाच आकडे लिही, आई. नाहीतर कुणाला सापडणार नाही."