पाच वाजून आठ मिनिटं: सोलच्या हानोक गल्ल्यांत एक शनिवार

पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. गल्लीच्या तोंडाशी जाकीट घातलेले एक काका उभे होते. त्यांनी हात आडवा केला, मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं आणि मान हलवली. भाषेची गरजच पडली नाही. आम्ही चौघी चढ चढून धापा टाकत आलेल्या, आणि ज्या एका फोटोसाठी अख्खा दिवस आखला होता ती जागा काकांच्या पाठीमागे शंभर पावलांवर!

हे सगळं मी चिडून लिहितेय, त्या हिशोबानेच वाचा. पायही अजून दुखतायत.

सोलला जायच्या आधी बुकचॉन या हानोकांच्या, म्हणजे पारंपरिक कोरियन कौलारू घरांच्या, वस्तीवरच्या किमान पाच-सहा रील्स मी पाहिल्या होत्या. सगळ्यांचं एकच पालुपद: सूर्यास्ताला जा, कौलांवर सोनेरी ऊन पडतं. एकीनेही हे सांगितलं नाही की बुकचॉनच्या सगळ्यात प्रसिद्ध भागात, म्हणजे बुकचॉन-रो ११-गिल या चढत्या गल्लीच्या आसपास, पर्यटकांना फक्त सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढाच वेळ प्रवेश आहे. मार्च २०२५ पासून तर वेळेबाहेर आत सापडलात तर १ लाख वॉन दंड. हजार वॉन म्हणजे साठ-पासष्ट रुपये धरा, तुमचं तुम्हीच गणित करा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि गल्ली पाचला बंद. म्हणजे त्या रील्स एकतर जुन्या, नाहीतर दंड भरून काढलेल्या.

नियमाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. तिथे सहा हजारांच्या आसपास माणसं राहतात आणि वर्षाला लाखो लोक त्यांच्या दारात उभे राहून फोटो काढतात. सदाशिव पेठेत कुणी असं करून दाखवावं, एक ते चार तर सोडाच! तक्रार आहे ती न सांगणाऱ्यांबद्दल, आणि थोडी स्वतःबद्दल. कारण आम्ही पाचच्या आत सहज पोचलो असतो. आम्हाला खाल्लं ते एका कॅफेच्या रांगेने.

आता सुरुवातीपासून.

आमची एक मैत्रीण पीएचडीसाठी सोलजवळच्या सुवॉन शहरात असते, तिच्याकडेच मुक्काम होता. बाकी आम्ही तिघी: मी, नाशिककर आणि आमच्यात सगळ्यात धाकटी म्हणून बारकी. सुवॉनहून मेट्रोची १ नंबरची लाइन गाडी न बदलता जोंगनो-सामगाला आणून सोडते, तासाभराहून थोडं जास्त लागतं. मेट्रो-बसचं टी-मनी कार्ड आधी घेऊन ठेवा आणि ते भरायला रोख वॉन जवळ ठेवा. स्टेशनवरच्या मशीनपुढे मी भारतातलं कार्ड घेऊन ठोंब्यासारखी उभी होते, मागे रांग. सोलमध्ये मेट्रोचं कमीत कमी भाडं कार्डाने १,५५० वॉन आहे.

जोंगनो-सामगा स्टेशनात १, ३ आणि ५ अशा तीन लाइन एकत्र येतात. 'एकत्र' हा शब्द कागदावरचा. १ नंबरहून आमचा पहिला थांबा इक्सन-दोंग, म्हणजे कॅफेंनी भरलेल्या हानोक गल्ल्या, तिकडच्या ४ नंबरच्या दारापर्यंत जमिनीखालून जे चालायचं, ते दादरला पश्चिमेकडून मध्यला जाताना गर्दीत चालतो ना, तसलं, फक्त जिने जास्त. एरवी चालणाऱ्यांना त्याचं काही वाटणार नाही. नवे बूट घालून आलेल्या नाशिककरला वाटलं. सोलमध्ये नवे बूट घालून फिरायला निघू नका, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. त्या दिवशी आम्ही वीस हजारांवर पावलं चाललो.

गूगल मॅप्सने आम्हाला तिथे पायी चालायचा रस्ता दाखवला नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप फोनमध्ये घेऊन ठेवा. मेन्यूचा फोटो काढून वाचायला पापागो हे भाषांतराचं अ‍ॅप. या दोन गोष्टींशिवाय इक्सन-दोंगमध्ये शिरणं म्हणजे तुळशीबागेत डोळे बांधून शिरणं.

इक्सन-दोंग आवडलं का? जागा आवडली. १९२०-३०च्या दशकात जपानी अंमल असताना चोंग से-ग्वॉन नावाच्या एका कोरियन बांधकाम व्यावसायिकाने मोठमोठ्या वाड्यांच्या जागा घेऊन त्यांचे लहान तुकडे पाडले आणि साध्या लोकांना परवडतील अशी छोटी हानोक घरं एकाला एक चिकटून बांधली. बुकचॉनमधली बरीच घरंही त्यानेच बांधलेली. कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींना त्याने इमारत दिली आणि त्यापायी जपानी पोलिसांचा जाच सोसला. हे मला पीएचडीवालीने कॅफेच्या रांगेत उभं असताना सांगितलं, वेळ भरपूर होता. २००४ मध्ये ही सगळी वस्ती पाडून उंच इमारती बांधायचं ठरलं होतं. ते बारगळलं, आणि २०१८ मध्ये हानोक जपायचं ठरलं. म्हणूनच आज त्या गल्ल्या दोन माणसं शेजारी चालली तर तिसऱ्याला भिंतीला टेकावं लागेल एवढ्या अरुंद आहेत. शनिवारी दुपारी तिथे शेजारी चालणारी दोन नाही, दोनशे माणसं असतात.

तर रांग.

दारात एक मशीन असतं. त्यावर किती माणसं ते टाकायचं, फोन नंबर टाकायचा, मग नंबर आला की मेसेज येतो. मशीनला हवा होता ०१० ने सुरू होणारा कोरियन नंबर. पीएचडीवाली होती म्हणून निभावलं. तुमच्याबरोबर तिथलं कुणी नसेल तर आधी आतल्या माणसाला गाठून नाव लिहून घेता येईल का विचारा, नाहीतर मशीन नसलेल्या कॅफेत जा. आमच्यापुढे २३ नंबर होते. बाराच्या सुमारास नंबर लावला, आत बसायला दीड वाजून गेला. मी 'निघूया' म्हणत होते हे इथे नोंदवून ठेवते. 'आता एवढं थांबलोच आहोत तर' हे वाक्य बारकीचं.

पुढचा प्रकार माझाच आहे, त्यामुळे कुणाला नावं ठेवता येत नाहीत. नोव्हेंबरात सोलचे रस्ते गिंकोच्या पिवळ्या पानांनी भरलेले असतात, फोटोत फार सुरेख दिसतं. त्या पानांखाली गिंकोची फळं पडलेली असतात आणि ती पायाखाली चिरडली की जो वास सुटतो तो फोटोत येत नाही. आंबलेल्या लोण्याचा आणि लहान बाळाच्या ओकारीचा, दोन्हींच्या मधला. माझ्या बुटाच्या खाचांत तो चिकटला होता आणि मला पत्ता नव्हता. रांगेत पुढच्या जोडप्याने दोनदा मागे वळून पाहिलं, मला वाटलं आमच्या मोठ्या आवाजामुळे. मग कॅफेच्या उंबऱ्याशी आलो तर बूट काढून कप्प्यात ठेवायचे! काढले, ठेवले, आणि पुढचा पाऊण तास मी त्या कप्प्याकडे पाठ करून बसले. जमिनीला खालून ऊब होती, बाहेरच्या गारठ्यातून आल्यावर अगदी शेकत बसल्यासारखं वाटत होतं, आणि त्या उबेने वास वर येईल का या विचाराने मला काही सुचत नव्हतं. गिंकोच्या मोसमात जाणार असाल तर खाली बघून चाला. आणि मोजे धड घाला, अंगठा बाहेर आलेले नकोत.

मेन्यू आला. आमचा बेत साधा होता, दोन पेयं आणि एक गोड, चौघींत वाटून. कॅफेतल्या पोरीने हसत भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पापागोने वाचून दाखवलं: माणशी एक पेय घेणं आवश्यक. गोड पदार्थ पेय म्हणून धरला जाणार नाही. पाटी आत होती. दारात मशीनजवळ असती तर आम्ही दीड तास उभ्या राहिलो नसतो, आणि हे त्यांनाही ठाऊक असणार. दोन लाते ८,००० प्रमाणे, एक ओमिजा चहा ९,०००, एक सांग्व्हा चहा ११,०००, आणि ज्याच्यासाठी सगळी गर्दी होती तो फुगीर पॅनकेक १९,०००. एकूण ५५,००० वॉन. साधारण साडेतीन हजार रुपये. पॅनकेक स्पंजच्या उशीसारखा आला, डोलला, सगळ्यांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि सहा घासांत संपला. चव ऑम्लेटमध्ये साखर घातल्यासारखी.

सांग्व्हा चहा मागवला नाशिककरने. काढा असतो, सर्दीला चांगला, असं तिने वाचलं होतं. काढाच होता, दाट आणि काळा, वर खजुरासारख्या सुक्या फळाच्या चकत्या आणि चिलगोज्यांसारखे पाइनचे दाणे. आणि मधोमध तरंगणारा कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. नाशिककर अंडं खात नाही. ती त्याच्याकडे आणि तो तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी तो पीएचडीवालीने प्यायला. 'क्येरान प्पेगो जुसेयो' म्हणजे 'अंडं न घालता द्या', हे पाठ करून ठेवा. मांसासाठी 'गोगी प्पेगो'. आणि तरीही भाज्यांच्या किंबापमध्ये (समुद्री शेवाळात गुंडाळलेला भात) हॅमची पट्टी निघू शकते आणि किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी असतेच. काटेकोर शाकाहारी असाल तर पिशवीत ठेपले बाळगा, लाजू नका.

निकाल: फसवणूक म्हणणार नाही. लिहिलेल्या भावात सगळं धरलेलं होतं, वर टॅक्स नाही, टिप नाही, पाणी फुकट. पण परत जाणार नाही, आणि कुणी दुपारच्या रांगेत उभं दिसलं तर ओढून बाहेर काढेन. कोपऱ्यावरच्या टेकअवे दुकानात २,००० वॉनच्या आसपास मोठा ग्लासभर गार अमेरिकानो मिळतो. तो घेऊन गल्ल्या हिंडा, तेवढंच इक्सन-दोंग बघायला मिळतं. फक्त ग्लास घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत, आणि कचऱ्याचा डबा म्हणाल तर मैलभर दिसत नाही. आमचा एक ग्लास तिथून सुवॉनपर्यंत आला.

कॅफेच्या स्वच्छतागृहाला आकडे दाबायचं कुलूप असतं, तो आकडा बऱ्याचदा बिलावर छापलेला असतो. मी बिल चुरगळून टाकलं होतं. पुढचं सांगत नाही.

मग इन्सादोंग, खरेदीचा रस्ता. छान वेळ गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सामजिगिल नावाची इमारत आहे, तिच्यात जिना न चढता उतरणीवरून गोल गोल वर जात दुकानं बघायची. रस्त्यावरच्या स्वस्त पंख्यांवर आणि चुंबकांवर उलटून बघा, निम्म्यांवर 'चीनमध्ये बनवलेले' असतं. १५,००० वॉनच्या वर खरेदी झाली तर परदेशी पाहुण्यांना काही दुकानांत कर तिथल्या तिथे वजा होतो, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. माझा सुवॉनला होता.

हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने घेतलं नाही. हानबोक घातलं की ग्योंगबोकगुंग राजवाड्याचं ३,००० वॉनचं तिकीट माफ होतं, म्हणून बारकी अडून बसली होती. दुकानातला पाटीवरचा भाव साध्या कापडाचा निघाला. जरीचा वेगळा, केसांचे वेगळे, आणि अनामत वेगळी. तीन हजार वाचवायला कितीतरी पट घालवायचे! हौस असेल तर हौस म्हणून घ्या, बचत म्हणून नको. मंगळवारी मात्र घेऊ नका, त्या दिवशी राजवाडाच बंद असतो.

इन्सादोंगहून निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. आंगुक स्टेशनच्या ३ नंबरच्या दारापासून वर चढ सुरू होतो. सिंहगडाच्या पायवाटेपुढे काहीच नाही, पण दिवसभर डांबरावर चालल्यावर जाणवतो. त्यात रस्त्यात कुणीतरी मोज्यांच्या दुकानात शिरलं. (मी.) पाच जोड्या ५,००० वॉन, त्यांत वाघाचे कान असलेले. त्या मोज्यांची दहा मिनिटं आणि रांगेचा दीड तास. मग पाच वाजून आठ मिनिटं, आणि काका.

उतरताना कोपऱ्यावर एक आजी बुंगोप्पांग विकत होत्या. माशाच्या आकाराच्या बिडाच्या साच्यात पीठ ओतायचं, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण, साचा मिटायचा, उलटायचा. नाशिककर आधी मासा बघून मागे सरली. मग सारण बघून तिने तीन खाल्ले, म्हणाली, पुरणच आहे गं, फक्त वेलदोडा राहिलाय. दिवसातलं सगळ्यात चांगलं खाणं तेच, आणि रोख द्यायचं तेही सगळ्यात कमी.

सोमवारी बाकीच्या झोपल्या असताना मी एकटी परत गेले. दहाला दहा कमी असताना आंगुकला उतरले, दहा वाजून पाच मिनिटांनी गल्लीच्या माथ्यावर होते. माझ्याआधी आठ-दहा माणसं, बस्स. खाली उतरत गेलेली काळी कौलं, पलीकडे शहराच्या उंच इमारती आणि नामसानवरचा मनोरा. वीस मिनिटांत सगळं बघून झालं. तेव्हा तुम्ही आमचा दिवस उलटा करा: सकाळी दहाला बुकचॉन, मग उतरणीने इन्सादोंग, तिथेच जेवण, आणि इक्सन-दोंग शनिवार-रविवार सोडून, पोट भरलेलं असताना, हातात टेकअवेचा ग्लास घेऊन.

फोटो काढत असताना एक दार उघडलं, एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पिशवी ठेवून आत गेल्या. फोटोत त्यांचं दार आलंय आणि पिशवीही. सोनेरी ऊन नाही, ढग होते.

बूट अजून सुवॉनच्या बाल्कनीत आहेत. पीएचडीवाली म्हणते, कुरिअर करणार नाही.