तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या फियाटमध्ये कंपनीचं काय आणि नंतरचं काय

फियाट डिलाइट घेतलेली किंवा घ्यायला निघालेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: "गाडीत ओरिजिनल काय राहिलंय आणि बदललेलं काय, हे ओळखायचं कसं?" आणि त्याला जोडूनच: "इटलीहून पार्ट मागवू का?" दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, म्हणून आधी तेच सांगून टाकू.

डिलाइटच्या बाबतीत ओरिजिनल म्हणजे इटलीत बनलेलं नव्हे. ती गाडी ज्या वर्षी प्रीमियरच्या (आपल्याकडे फियाट बनवणाऱ्या कंपनीच्या) कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, त्या वर्षी तिथे जो भाग बसवला जात होता तो ओरिजिनल. डिलाइट जिच्यावरून आली त्या इटलीतल्या फियाट ११०० डीला १२२१ सीसीचं इंजिन होतं. आपल्याकडे १९६४ला आलेल्या डिलाइटला मात्र जुनंच १०८९ सीसीचं इंजिन राहिलं. म्हणजे मूळ आराखडा एक असला, तरी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. सुरुवातीच्या फियाटमध्ये, म्हणजे आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो तिच्यात, इटलीहून आलेले सुटे भाग भरपूर असत. पुढे एकेक भाग इथे बनू लागला. त्यामुळे १९५५च्या गाडीवर इटलीच्या मॅग्नेटी मारेल्ली कंपनीचा डायनामो (बॅटरी चार्ज करणारा भाग) दिसला तर तो जपून ठेवावा, आणि १९६८च्या डिलाइटवरचा ल्यूकस-टीव्हीएसचा डायनामो काढून तिथे मारेल्लीचा बसवला तर ती दुरुस्ती नव्हे, गाडीचं नुकसान आहे. ल्यूकस-टीव्हीएस ही आपल्याकडची कंपनीच १९६१ची. तिचं नाव डुक्कर फियाटवर दिसलं तर भाग नंतरचा, डिलाइटवर दिसलं तर तो मूळचा असू शकतो.

खरा गोंधळ पुढचा आहे. डिलाइटचं नाव १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियर प्रेसिडेंट झालं, १९७४पासून पद्मिनी झालं, आणि तोच साचा जवळपास २०००पर्यंत चालला. १९६६च्या डिलाइटला १९९६च्या पद्मिनीचे कितीतरी भाग सरळ बसतात. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सीत धावल्या आणि भंगारात गेल्या. त्यांची दारं, बोनेट, डिकी, इंजिनं खासगी गाड्यांना लागली. हे भाग डुप्लिकेट नाहीत, कंपनीचेच आहेत, पण चुकीच्या सालाचे आहेत. ओळखायला सगळ्यात अवघड तेच जातात.

सुरुवात कागदापासून करावी. आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर हातात घेऊन गाडीपाशी उभं राहायचं. नंबरावरचा मळ थिनरच्या बोळ्याने पुसायचा. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर तिथे अजिबात लावायचा नाही. मग वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, आरटीओत छाप घेतात तशीच. डोळ्याला जे दिसत नाही ते छापेत दिसतं: एखादा आकडा खोल आणि बाकीचे उथळ, ओळ वाकडी, आकड्यांमधलं अंतर कमीजास्त, किंवा मागे तिरक्या घासल्याच्या रेघा. नंबराच्या भोवती पत्र्याला चौकोनी शिवण लागत असेल तर तो तुकडा दुसऱ्या गाडीचा कापून बसवलेला आहे. अशी गाडी कितीही देखणी असली तरी घेऊ नये. इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर गोष्ट तितकी गंभीर नाही. ही इंजिनं एकमेकांना बसत असल्यामुळे बदलाबदल फार झाली. फक्त ती नोंद आरसीवर आहे का, ते बघावं.

कागदाचा हा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण आहे. १५ जुलै २०२१च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चॅसिस, बॉडी शेल (गाडीचा पत्र्याचा सांगाडा) किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी तीत बसते. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. सगळ्या डिलाइट आता या वयात बसतात, पहिल्या पद्मिनीही. म्हणून शेल आणि इंजिन यांच्या बाबतीत खात्री हवी. दिव्याची काच बदलल्याने काही बिघडत नाही.

आता पत्रा. रंगाच्या चकाकीकडे बघूच नका, चुंबक घ्या. फ्रिजला लावतात तसा लहान, मऊ कापडात गुंडाळलेला. चाकांच्या कमानी, दाराखालचा सिल, डिकीचा तळ, दारांचा खालचा वीतभर भाग इथे तो फिरवायचा. जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे पुट्टी आहे. जाडी मोजायचं गेज मिळालं तर उत्तमच: कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेला २०० ते ४००, आणि हजारावर आकडा गेला की खाली पुट्टीच.

कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग ओळखायला शिका. दाराच्या चौकटीवरचं रबर ओढून काढलं की पत्र्याच्या दुमडलेल्या कडेवर ५-६ मिलिमीटरचे गोल खळगे ओळीने दिसतात, बऱ्यापैकी सारख्या अंतरावर. पत्रा बदलला असेल तर ते गायब होतात. तिथे गॅस वेल्डिंगची लाट, पितळेचा पिवळा ओघळ, नाहीतर भोक पाडून भरलेले मोठे फुगीर ठिपके सापडतात. आतल्या बाजूने हात फिरवा. प्रेसमधून निघालेला पत्रा आतून गुळगुळीत लागतो आणि त्याच्या घड्या धारदार असतात. हाताने ठोकलेल्या पत्र्यावर हातोडीचे ठसे राहतात. कडेला व्हर्नियर लावून दोन्ही बाजूंची जाडी ताडून पाहा. डेंटरने १८ गेजचा पत्रा लावला असेल तर तो १.२ मिलिमीटर भरेल, आणि शेजारचा मूळ पत्रा १च्या आतच असेल. डावी-उजवी तुलना हे सगळ्यात भरवशाचं हत्यार आहे. दोन्ही बाजू एकाच दिवशी क्वचितच ठोकल्या जातात.

एक जागा मात्र अगदी जवळून बघायची: दाराच्या बिजागरीचे स्क्रू. कारखान्यात दारं आधी अडकवली जातात आणि मग शेल व दारं एकत्र रंगवली जातात. त्यामुळे मूळ स्क्रूच्या डोक्यावर, खाचेत आणि भोवतीच्या पत्र्यावर रंगाचा एकच सलग थर असतो. स्क्रू एकदा जरी फिरला तरी डोक्याच्या कडेने रंग केसाएवढा तडकतो, खाचेत उघडं लोखंड दिसतं. बिजागरी थोडी सरकली असेल तर तिच्या जुन्या जागेची सावली बाजूला उरते, वेगळ्या रंगाची पट्टी म्हणून. चारही दारं अशी तपासायला दहा मिनिटं लागतात आणि कुठलं दार नंतर आलं ते कळतं.

टॅक्सीचं शेल किंवा टॅक्सीचे भाग ओळखायला रंगाचे थर उघडायचे. न दिसणाऱ्या जागी ४०० आणि मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून रुपयाच्या नाण्याएवढं गोल घासायचं. कांदा आडवा कापल्यासारखी कडी दिसतात. टपाच्या आतल्या कडेला पिवळं कडं आणि दारात काळं सापडलं, तर वेगळं काही सांगायला नको. मुंबईच्या टॅक्सीचं जुनं यांत्रिक मीटर पुढे डाव्या बाजूला बाहेर बसवलेलं असे. त्या जागी पत्र्याच्या खालून बोट फिरवा, बुजवलेली भोकं लागतात. डॅशबोर्डच्या खालची बाजू, दाराच्या पॅडमागचा भाग, स्टेपनीचा खड्डा इथे रंगारी सहसा पोचत नाही. गाडीचा पहिला रंग तिथेच मिळतो.

नट-बोल्टांकडे कुणी फारसं बघत नाही, आणि माहिती तिथेच सर्वांत जास्त असते. फियाट ही पूर्ण मेट्रिक गाडी. अँबेसिडर इंग्रजी घराण्यातली, तिचे आटे इंचातले. गॅरेजच्या डब्यात दोन्ही एकत्र पडतात आणि ५/१६ इंची बोल्ट एम८च्या, म्हणजे ८ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टच्या जागी घुसवला जातो, कारण तो ७.९४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जवळपास ८च. पण आट्यांचं अंतर वेगळं: एम८चं १.२५ मिलिमीटर, ५/१६ यूएनएफचं (बारीक आट्यांच्या इंची बोल्टचं) १.०६च्या आसपास. दोन फेरे बोटांनी जातो, पुढे अडतो, जोराने फिरवला की नटाचे आटे खातो आणि थोड्या दिवसांत सुटतो. १३ नंबरचा पाना डोक्यावर किंचित डुगडुगला तर तो अर्ध्या इंची डोक्याचा बोल्ट आहे, म्हणजे नंतरचा. आटे मोजायचं थ्रेड गेज नसेल तर एक खात्रीचा नवा एम८ नट खिशात ठेवा. डोक्यावरची नावंही वाचा. टीव्हीएस छाप म्हणजे सुंदरम फास्टनर्स; त्यांचा कारखाना १९६६ला सुरू झाला. १९५८च्या गाडीवर तो बोल्ट मूळचा असणं शक्य नाही.

काचांच्या कोपऱ्यात छाप असतो. असाही इंडिया १९८०च्या दशकातली कंपनी, त्यामुळे डिलाइटवर तिची काच म्हणजे बदललेली. पोलराइज्ड गॉगल लावून पाहिलं की टफन्ड काचेवर करडे ठिपके दिसतात. लॅमिनेटेड काचेवर ते नसतात, आणि तिच्या कडेला दोन थरांमधली रेघ दिसते. मागची आणि बाजूची काच एका छापाची, एकच दार वेगळ्या छापाचं, तर त्या दाराला कधीतरी मार बसलेला असणार. मात्र पुढची काच फुटून लॅमिनेटेड बसवलेली असेल तर ती तशीच राहू द्या. ती अधिक सुरक्षित आहे.

बंपरला चुंबक लावा. मूळचा लोखंडी, त्यावर क्रोम. चुंबक चिकटतो, मागची बाजू मंद असते. हल्ली मिळणारे स्टेनलेस स्टीलचे बंपर सहसा चुंबकाला दाद देत नाहीत, पुढून-मागून सारखेच चमकतात, आणि क्रोमच्या निळसर झाकेऐवजी त्यांना पिवळट झाक असते. झिंकच्या ओतीव मुठी आणि बॅज यांच्या क्रोमवर बारीक फोड येतात. ते फोड जुनेपणाची खूण आहेत. गुळगुळीत, हलका, नखाने टकटक केल्यावर पोकळ वाजणारा बॅज प्लास्टिकचा. फोड आलेली मूठ फेकू नका. झिंकवर पुन्हा क्रोम करणारे कारागीर कमी असले तरी आहेत. मात्र साधं पॉलिश करणाऱ्याकडे दिली तर तो फोड घासून काढता काढता नक्षीच पुसून टाकतो.

इटलीच्या पार्टांबद्दल: हेडलाइटच्या काचा तर मुळीच मागवू नका. तिथली वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे युरोपीय असमान झोताची काच उजवीकडे वर प्रकाश फेकते. आपल्या रस्त्यावर तो थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

इंजिन उघडलं असेल तर सिलिंडर मोजा. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. पिस्टनच्या माथ्यावर ०.४० किंवा ०.६० ठोकलेलं असेल तर बोअर तितका वाढवलेला आहे. बोअर वाढवल्याने ब्लॉकचं मूळपण जात नाही, ती इंजिनाची रीतसर देखभाल आहे. ल्यूकसच्या पद्धतीत डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर आठवडा आणि वर्ष ठोकलेलं असतं. ते गाडीच्या सालाच्या थोडं आधीचं हवं. नंतरचं असेल तर भाग बदललेला, दोन-तीन वर्षं आधीचं असेल तर दुसऱ्या गाडीवरून आलेला. डायनामोच्या जागी अल्टरनेटर किंवा स्टिअरिंगवरच्या गिअरऐवजी फ्लोअरचा गिअर दिसला, तर शंकाच नको. तेव्हा स्टिअरिंगच्या नळीवर जुन्या दांड्याच्या पकडीच्या खुणा शोधा, परत बसवायला त्या लागतात.

सीट, रेक्झिन, गालिचे यांत मूळ फारसं उरत नाही. स्प्रिंगांवरचा काथ्या दिसला तर एक तुकडा नमुन्याला ठेवा, एवढंच.

ब्रेकचे होज, व्हील सिलिंडरची रबरं, पेट्रोलची नळी, टायर आणि तडकलेल्या वायरी मात्र ओरिजिनल असल्या तरी बदलायच्याच. जुने टायर ५.२०-१४ मापाचे होते. तेच माप शोधा, पण रबर नवं घ्या.

आणि हे सगळं गाडी उघडायच्या आधी करायचं. सँडब्लास्टिंगला शेल गेलं की रंगाचे थर, बिजागरीच्या सावल्या, वॉशरचे ठसे, सगळं एका दुपारी नाहीसं होतं. प्रत्येक भागाचे जागेवर असताना दोन आणि काढल्यावर दोन असे चार फोटो, झिपच्या पिशवीत बोल्ट, पिशवीत कागदाची चिठ्ठी आणि तिच्यावर पेन्सिलने जागा, बाजू व मूळ की नंतरचा. पेनाची शाई तेलाने पसरते, म्हणून पेन्सिल. बदललेला भाग काढलात तरी तो मूळ भाग हाती येईपर्यंत टाकू नका. नवा बसवताना भोकांचं अंतर त्याच्यावरूनच घ्यावं लागतं.