पेपरातला सल्ला चुकला होता, तो दुरुस्त करून घेतला : माझा अनुभव

आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत गाडीतल्या लहान मुलांच्या सुरक्षिततेवर अर्ध्या पानाचा लेख आला होता. विषय बघून आधी बरंच वाटलं. आमच्या नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून द्वारकेपर्यंत गेलं तरी ड्रायव्हरशेजारी तान्हं बाळ मांडीवर घेऊन बसलेली आई आणि सनरूफमधून डोकं बाहेर काढलेली पोरं दिसतात. कुणीतरी लिहायलाच हवं होतं.

पण लेखासोबतचा फोटोच पुढच्या सीटवरच्या आईचा, मांडीवर बाळ आणि दोघांवरून मिळून एक सीटबेल्ट. मजकुरातही तेच : बाळ लहान असेल तर आईने घट्ट धरून बेल्ट लावावा, गाडीला एअरबॅग असेल तर चिंता नको. शेवटी म्हटलं होतं की आपल्याकडे मुलांसाठी असा काही कायदा नाही.

आमची मुलगी तेव्हा दहा महिन्यांची होती. सासर सिन्नरचं, त्यामुळे पुणे रस्त्यावर येणं-जाणं सतत. तिच्यासाठी चाइल्ड सीट होती, पण ती रडली की "घे गं तिला जवळ" हे ठरलेलं. त्या रविवारी सासूबाईंनी पेपर माझ्यापुढे धरला. "बघ, हे तर मांडीवर घ्या म्हणतायत." छापून आलेल्या शब्दाला घरात किती वजन असतं ते तेव्हा कळलं. हे वाचून आणखी किती घरांत सीट माळ्यावर गेली असेल, या विचाराने मला स्वस्थ बसवेना. त्याच रात्री संपादकांना पत्र लिहिलं.

उत्तर आलं नाही. मग कार्यालयात फोन केला. पुरवणी पाहणारे उपसंपादक बोलायला सौजन्याने बोलले : "मॅडम, दीडशे शब्दांत बसवा, आणि कायदा आहे म्हणताय तर कलम द्या." मागणी रास्त होती. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा 194 ब हे कलम आलं. 14 वर्षांखालचं मूल सीटबेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला 1000 रुपये दंड. कलमाचा मजकूर जसाच्या तसा पाठवला.

पुढच्या रविवारी पत्र छापून आलं. त्यात "महत्त्वाचा विषय हाताळल्याबद्दल आभार" एवढं होतं, कलमही होतं. मांडीबद्दलचा परिच्छेद मात्र उडवलेला. मला मनापासून राग आला. दंड हजार रुपयांचा आहे हे कळून कुणाचं बाळ वाचत नाही. मांडीवर का घ्यायचं नाही, हे कळलं तर वाचतं.

म्हणून पुन्हा फोन केला आणि या वेळी सगळं सविस्तर सांगितलं. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी एकदम अडली, तर आतल्या माणसाला बसणारा दणका तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. त्या क्षणी दहा किलोचं बाळ धरून ठेवायला सुमारे दोनशे किलोचा जोर लागतो. आईचं प्रेम कितीही असो, हातांत तेवढी ताकद नसते. दोघांवरून एकच बेल्ट असेल, तर आईचं सगळं वजन त्या पट्ट्यावर बाळाला चिरडतं. एअरबॅग उघडते सेकंदाच्या विसाव्या भागात, तीही मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज धरून. मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत येतं.

"पण लेखकाचं ते मत आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, तुमची गाडी खाली उभी असेल ना? पुढच्या प्रवासी बाजूचा सन व्हायजर खाली करा आणि त्यावरचं पिवळं लेबल बघा." बहुतेक गाड्यांत ते असतं : मागे तोंड केलेली बाळाची सीट, समोर फुगलेली एअरबॅग आणि त्यावर लाल फुली. गाडी बनवणाऱ्यानेच छापलेला इशारा. रोज डोक्याशी असतो, पण तो वाचायला म्हणून कुणी व्हायजर पाडत नाही.

संध्याकाळी त्यांचाच फोन आला. लेबल बघितलं होतं. आवाज बदललेला होता. घरी त्यांनाही लहान मुलगा आहे, हे तेव्हा समजलं. मग बराच वेळ बोललो. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि मान कोवळी, म्हणून सीट मागच्या बाजूला आणि तोंड मागे करून लावायची. धक्का मग पाठ आणि डोकं मिळून झेलतात. युरोपात लागू असलेल्या आर 129 या चाइल्ड सीटच्या मानकात किमान 15 महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायचं आहे. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या भारत एनकॅपच्या चाचण्या आहेत, त्यांतही दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे चाइल्ड सीटमध्येच बसवतात.

सीट बसवायची कशी, हेही त्यांनी विचारलं. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटं घातली, की आयसोफिक्सच्या, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायला गाडीतच बसवलेल्या, लोखंडी कड्या हाताला लागतात. चाइल्ड सीटचे दांडे त्यांत ढकलले की 'खट्' आवाज येतो आणि लाल खूण हिरवी होते. मग बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडून बघायचा. चिमटीत आला तर तो सैल आहे.

त्यानंतरच्या रविवारी पुरवणीत चौकट आली, 'दुरुस्ती' असं स्पष्ट लिहून : मांडीवरचा सल्ला चुकीचा होता, मूल मागच्या सीटवर चाइल्ड सीटमध्येच बसवावं. कलमही होतं. मूळ लेखात चाइल्ड लॉकबद्दल आणि उन्हात उभ्या गाडीत मूल एकटं न सोडण्याबद्दल जे लिहिलं होतं, ते अगदी बरोबर होतं. बंद गाडी दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी तापते. तो भाग चौकटीत पुन्हा घ्या असं मी सुचवलं होतं, तोही घेतला.

चौकट लहान होती, पान आतलं होतं. मूळ लेखाएवढी जागा द्यायला हवी होती असं मला अजूनही वाटतं, आणि तसं त्यांना कळवलंय. सासूबाईंनी मात्र ती कात्रीने कापून गाडीच्या कागदपत्रांत ठेवली. सिन्नरहून कुणी बाळाला घेऊन आमच्या गाडीत बसायला निघालं, की आता त्याच ती काढून दाखवतात.