न्याय ग्रीकांचा बरा की रोमनांचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. ग्रीक म्हणजे इथे अथेन्स धरू, कारण तिथल्याच खटल्यांची माहिती आपल्याकडे भरपूर आहे.

अथेन्सवर माझा जीव आहे. दरवर्षी तिशी ओलांडलेले ६,००० नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि त्यांच्यातलेच शेकडो जण एकेका खटल्याला पंच म्हणून बसायचे. गरिबाचा दिवस बुडू नये म्हणून अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने त्यांना भत्ता सुरू केला. वादी-प्रतिवादी स्वतःच बोलत, पाण्याच्या घड्याळावर वेळ मोजली जाई आणि भाषणं संपली की आपसात चर्चा न करता थेट मतदान. कायदा समजावून सांगणारा न्यायाधीश नाही, वर अपील नाही.

खोट इथेच होती. नेमकं ठरवायचं काय, हे कुणी बांधून देत नसे. भाषणात घराणं, रणांगणावरची कामगिरी, जुनी भांडणं, सगळं यायचं. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसचा खटला सुमारे ५०० पंचांसमोर एका दिवसात आटोपला. तीस मतं फिरली असती तर तो सुटला असता, असं प्लेटोने त्याच्या तोंडी घातलं आहे.

रोमनांनी तो प्रश्नच आधी लिहून काढला. प्रेटर हा अधिकारी दोन्ही बाजू ऐकून एक वाक्य तयार करी: प्रतिवादी वादीला दहा हजार सेस्टर्स (रोमन नाणी) देणं लागतो असं दिसलं, तर त्याला देणेकरी ठरव, न दिसलं, तर मोकळा कर. हे वाक्य घेऊन खटला ज्याच्याकडे जाई, तोही बहुधा साधा नागरिकच असे, कायदेपंडित नव्हे. प्रतिवादी म्हणाला की मला फसवून कबूल करून घेतलंय, तर प्रेटर त्याच वाक्यात भर घाली: ‘यात वादीची लबाडी नसेल तर’. एवढ्याशा पुरवणीने किती माणसं वाचली असतील! मला तरी रोमची खरी थोरवी या वाक्यात दिसते.

गुलामाला मात्र दोन्हीकडे साक्षीसाठी छळ सोसावा लागे. हे वर्गात सांगताना दरवेळी माझा आवाज उतरतो.

तेव्हा माझं उत्तर असं: कर्जाचा, कराराचा दावा असेल तर मी रोममध्ये जाईन. समोर गावचा धनदांडगा असेल, तर अथेन्समध्ये. त्याच दिवशी सकाळी चिठ्ठीने निवडलेले ५०० पंच विकत घेणं त्यालाही जड जाईल.